डाळिंबी साडीची बोहनी

दुकान उघडायच्या दिवशी वामनरावांनी सकाळी सात ते साडेनऊ एवढ्या वेळात दुकानातल्या दोनशे बारा चिठ्ठ्या काढून टाकल्या, आणि एकही फाटू दिली नाही. तीस वर्षं मुख्याध्यापकी केलेल्या माणसाचं काम असं असतं. चिठ्ठ्यांना त्यांनी रबर लावलं, त्या चपलांच्या दुकानाच्या एका पिशवीत घातल्या आणि पिशवीला गाठ मारली. मग ब्लाऊजपीस, अस्तरं आणि फॉल मापाप्रमाणे लावले. मोठे खाली, लहान वर. प्रार्थनेला पोरं उभी करावीत तसे.

अश्विन झेंडूचे हार घेऊन आला तेव्हा ते स्टुलावर उभं राहून शेवटचा गठ्ठा सरळ करत होते.

"बाबा, चिठ्ठ्या कुठी गेल्या?"

"काढल्या."

"काहून?"

"लाल कपड्यावर लाल लिहिलं, हिरव्यावर हिरवं लिहिलं. कायले? लोकं म्हनतीन, या दुकानदाराले रंगच समजत नाही."

अश्विन हारांसकट खाली बसला. कारण लोकांनी तसं म्हटलं असतं तर ते खरंच झालं असतं.

अश्विनला दुकानात चार रंग दिसत. पिवळा, निळा, मातकट आणि दुसरा मातकट. पांढरा-काळा सगळ्यांनाच दिसतो म्हणून तो धरत नसे. लाल, हिरवा, कत्थई, शेवाळी, डाळिंबी ही सगळी मंडळी त्याच्या लेखी एकाच मातकट घरात राहत होती आणि त्यांची भांडणं त्याला कधी ऐकू आली नव्हती. चार वर्षांपूर्वी तो रेल्वेची लेखी परीक्षा पास झाला, वैद्यकीय तपासणीत त्याला ठिपक्यांचं पुस्तक दाखवलं, ठिपक्यांत आकडा होता म्हणे. गाडी चालवणाऱ्याला सिग्नल कळणं बरं, हे त्यालाही पटलं. घरी येऊन मात्र हे कसं सांगावं कळेना, म्हणून त्याने सांगितलं, उंची कमी पडली.

त्याची उंची पाच फूट दहा इंच आहे.

वामनरावांनी पुढची दोन वर्षं त्याला रोज सकाळी कडुलिंबाच्या फांदीला लोंबकळायला लावलं. रेल्वेला दोन पत्रंही लिहिली, सोबत तालुक्याच्या डॉक्टरचा उंचीचा दाखला जोडून. उत्तर आलं नाही. गावात ज्याने विचारलं त्याला ते मान खाली घालून सांगत, "थोडक्यात गेलं. उंची." ऐकणारा अश्विनकडे मान वर करून पाही.

मॅचिंग सेंटरची कल्पना त्याच्या बायकोची. माधवीला रंग असे कळत की ती पावभाजीत कोणतं तिखट घातलंय तेही लांबून सांगे. ती गल्ल्यावर बसणार, अश्विन माल आणणार, असं ठरलं होतं. माल आला, पाटी रंगली, आणि उद्घाटनाला बारा दिवस उरले असताना माधवीला आरोग्यसेविकेची ऑर्डर आली. ठिकाण धारणी, थेट जंगलात. सरकारी नोकरीला नाही म्हणणारा माणूस त्यांच्या घराण्यात तरी झालेला नाही. जायच्या आधी तिने एकेका गठ्ठ्यावर चिठ्ठी लावली, रंगाचं नाव आणि कप्प्याचा नंबर. अश्विनने नऊ दिवसांत सगळं पाठ केलं. स्पर्धा परीक्षांची सहा वर्षं कुठेतरी कामी आली म्हणून त्याला बरंही वाटलं होतं.

आता चिठ्ठ्या पिशवीत होत्या आणि पाठांतराला लटकायला खुंटी नव्हती.

त्याने दुकानाबाहेर जाऊन माधवीला फोन लावला. ती पहाटेच धारणीहून निघाली होती.

"कुठी आहेस?"

"जंगलातच. जीप उभी हाय. रस्त्यात गवा उभा हाय."

"कधी हटन?"

"विचारून सांगते त्याले."

"बाबानं चिठ्ठ्या काढल्या. आन् माल मापाप्रमाणं लावला."

पलीकडे बराच वेळ फक्त जीपमधल्या कोणाच्या तरी कोंबडीचा आवाज येत राहिला.

"आत्याबाई आल्या का?"

"अमरावतीची बस लागली असन. येतीनच."

"मंग असं कर, आत्याबाईले आधी—" माधवी म्हणाली आणि रेंज गेली.

*

आत्याबाईंच्या, म्हणजे दुर्गाबाईंच्या, कमरेला त्या वेळी गाळ्याची मूळ चावी होती. कड्यात चावी आणि स्टोव्हची पिन, दोन्ही शेजारी शेजारी. अकोल्याच्या जुन्या शहरातला हा दहा बाय चौदाचा गाळा त्यांच्या यजमानांचा. गोपालरावांनी तिथे अठ्ठावीस वर्षं स्टोव्ह विकले आणि दुरुस्त केले. मग घरोघरी गॅस आला आणि त्यांनी अजून सहा वर्षं नुसतंच दुकान उघडलं. ते गेल्यावर दुर्गाबाई मुलाकडे अमरावतीला राहायला गेल्या. गाळा बंदच होता.

भाड्याने द्यायचा नाही, माहेरच्या कोणत्या तरी पोराला द्यायचा, एवढंच त्यांनी ठरवलं होतं. कोणाला, ते आज ठरणार होतं. मोठ्या भावाच्या, वामनच्या, अश्विनने दुकानाला 'दुर्गा मॅचिंग सेंटर' नाव दिलं होतं. धाकट्या भावाच्या, किशोरच्या, नितेशला तिथे मोबाइलचे कव्हर विकायचे होते आणि गेल्या दिवाळीला तो चोवीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या पाया पडला होता. दोन्ही मस्के दुर्गाबाईंना सारख्याच जाडीचे वाटले.

"सामान लावून घ्या," त्यांनी वामनला फोनवर सांगितलं होतं, "पन चावी बोहनी पाहूनच देईन."

बोहनीची त्यांच्या घरची रीत सगळ्यांना माहीत होती. पहिलं गिऱ्हाईक घरची लेक. माल दुकानदाराने स्वतःच्या हाताने काढून द्यायचा, दुसऱ्याने बोटही लावायचं नाही. आणि बोहनीचा माल परत होत नाही, बदलून मिळत नाही.

त्या रिक्षातून उतरल्या तेव्हा दारात तोरण होतं आणि सगळं माहेर फुटपाथवर ओळीने उभं होतं. मापाप्रमाणे नाही, पण वामनच्या मनात ते आलं असावं असं त्यांना त्याच्याकडे पाहून वाटलं.

"या बाई," किशोरराव पुढे झाले. "डोया कसा हाय?"

"एक नवा हाय, एक जुना हाय." उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन महिना झाला होता, डाव्याचं पुढच्या महिन्यात होतं. "नव्यानं तू जाडा दिसतो."

"आन् जुन्यानं?"

"जुन्यानं दिसतच नाही, ते बरं होतं."

किशोररावांच्या गाडीच्या डिक्कीत मोबाइल कव्हरचे दोन खोके होते. ते असेच आणले होते. नितेश गाडीतच झोपला होता. त्याला उठवून आणलं.

आत पूजा झाली. नारळ फुटला. अश्विनच्या आईने, मैनाबाईंनी, नणदेला कुंकू लावायला हात उचलला, मग लक्षात येऊन आवरला, तेव्हा दुर्गाबाई म्हणाल्या, "लाव वं. कुंकू काय कोनी संगं घेऊन जाते काय." मैनाबाईंनी लावलं. नणंद-भावजयीत एकतीस वर्षांत झालेला हा पहिला ठराव होता आणि तो बिनविरोध मंजूर झाला.

मग दुर्गाबाई खुर्चीवर बसल्या. पिशवीतून साडी काढून त्यांनी काउंटरवर पसरली. नात खुशीच्या लग्नात नेसायची साडी.

"याच्यावरचा पीस काढ."

अश्विनने साडीकडे पाहिलं. चांगली साडी होती. मातकट होती.

"कोनत्या रंगात देऊ, आत्या?"

"आता साडीच्याच रंगात दे. मॅचिंगचं दुकान हाय ना हे?"

"नाही म्हंजे, गिऱ्हाइकाच्या मनात कोनता रंग हाय ते विचारा लागते."

"माया मनात हाच हाय."

"म्हंजे तुमी याले काय म्हनान?"

"तू काय म्हनतो?"

अश्विन फडताळाकडे वळला, परत साडीकडे वळला. मग त्याने वडलांकडे मोर्चा वळवला. "बाबा, तुमी याले काय म्हनसान?"

"लाल," वामनराव म्हणाले.

"लाल काय दादा," किशोरराव म्हणाले. "लाल असं असते काय? मरून हाय तो."

"मरून म्हंजे लालच."

"मंग मरून कायले म्हनतात?"

"थो वाईन हाय," नितेश म्हणाला. त्याने फोन काढून साडीचा फोटो घेतला. फोनमध्ये त्याच्याकडे रंग ओळखणारं ॲप होतं. "हे पाहा. बर्गंडी म्हनून राह्यलं."

"बर्गंडी काय असते?"

"ते नाही सांगत ते."

"कत्थई हाय," दुर्गाबाई डावा डोळा उघडा ठेवून म्हणाल्या. मग उजवा उघडून डावा मिटला. "नाही. आता नाही. आता वेगळाच हाय."

चार माणसांनी आणि एका फोनने साडीला पाच नावं दिली आणि एकालाही वाटलं नाही की आपल्याला रंग कळत नाही. अश्विनला ही गोष्ट फार नवी वाटली. एवढी वर्षं त्याची समजूत होती की बाकीच्या जगाचं याबाबतीत एकमत आहे.

"डाळिंबी," कोपऱ्यातून मैनाबाई म्हणाल्या. "खालून दुसऱ्या—"

"मैना, तू नको बोलू," दुर्गाबाई म्हणाल्या. "दुकानदारानं काढायचा."

*

मैनाबाईंनी तोंड मिटलं आणि हात पदराखाली घट्ट धरले.

त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. अश्विन पहिलीत असताना त्याने पोपट काढला आणि त्याला बदामी रंग दिला, चोचीसकट. बाईंनी विचारलं, हा काय चिमणीचा नवरा आहे का? त्या दिवशी मैनाबाईंना त्यांचे वडील आठवले.

देवरावांनी एका पोळ्याला आपल्या खिलारी जोडीची शिंगं रंगवली होती. प्रत्येक बैलाचं एक शिंग लाल, एक हिरवं. दोन डबे उघडे होते, दोन्ही त्यांना सारखेच वाटले. गावाने बैल पाहिले आणि कोणी काही विचारलं नाही, कारण देवराव पाटलाच्या नात्यातले होते. पुढच्या वर्षी आणखी चौघांनी एक लाल एक हिरवं रंगवलं. तिसऱ्या वर्षी पुजाऱ्याने त्याचं कारणही सांगितलं, लाल सूर्याचं आणि हिरवं पिकाचं. आज त्या गावात दुसऱ्या कोणत्या रीतीने रंगवलं तर म्हातारे चिडतात. देवरावांनी मरेपर्यंत गावाचा हा नवा शौक आपल्याला माहीत नसल्यासारखा सोसला, आणि त्यांना खरंच माहीत नव्हता.

मैनाबाईंनी मुलाच्या शर्टांना कॉलरच्या आत दोऱ्याच्या गाठी मारल्या. एक गाठ लाल, दोन गाठी हिरवा, तीन गाठी बदामी. ना त्यांनी त्याला कारण सांगितलं, ना त्याने विचारलं. लग्नानंतर आठव्या दिवशी माधवीने कपडे घडी करताना गाठी मोजल्या आणि स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "आई, राखाडीले किती?" मैनाबाईंना त्या दिवशी सून आवडली.

आता त्या पाहत होत्या. अश्विनने साडीचा पदर बोटांत धरला, चुरगळला, सोडला. मग फडताळापुढे उभा राहून एकेका गठ्ठ्यात बोट घालत गेला. सहावा गठ्ठा त्याने ओढला, त्यातला मधला पीस काढला, उजेडात धरला, साडीजवळ आणला. कापड जुळत होतं. पोत जुळत होता. गडदपणा इतका जुळत होता की काळ्या-पांढऱ्या फोटोत साडी कुठे संपते आणि पीस कुठे सुरू होतो, कळलं नसतं.

फक्त रंग उरला होता.

त्याने तो पीस कागदात न गुंडाळता आत्याच्या हातात दिला.

रस्त्यावर कोणीतरी रिक्षावाल्याला सांगत होतं की मोर्णेच्या पुलावरून घे.

"अश्विन," किशोरराव हळूच म्हणाले. त्यांना आनंद झाला होता, पण माणूस वाईट नसल्यामुळे तो त्यांनी गालात दाबला. "बाबू, हे हिरवं हाय."

"किती हिरवं?" अश्विनने विचारलं.

"लय हिरवं हाय. पालकाच्या जुडीवानी."

दुर्गाबाईंनी आधी एक डोळा मिटला, मग दुसरा. दोन्हीने हिरवं दिसलं. आजच्या दिवसात दोन्ही डोळ्यांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं.

"अंधारात चुकला असन," वामनराव म्हणाले. बाहेर साडेअकराचं ऊन होतं. "ट्यूब लाव रे."

"ट्यूब लावून नाही दिसत, बाबा," अश्विन म्हणाला. "मले लाल-हिरवं दिसतच नाही. पयलेपासून. दोन्ही सारखेच दिसतात."

"कोनते दोन्ही?"

"सगळेच दोन्ही."

वामनराव स्टुलावर बसले. त्यांच्या चेहऱ्यावर गणिताचा ताळा न जुळणाऱ्या माणसाचा भाव आला. "मंग रेल्वे?"

"त्यातच गेली. सिग्नल लाल-हिरवे असतात."

"आन् उंची?"

"उंची बरोबर हाय."

दोन वर्षं, रोज सकाळी, लिंबाखाली हातात घड्याळ घेऊन वामनराव उभे राहिले होते.

"मले सांगाचं होतं," ते म्हणाले. मग बायकोकडे पाहिलं. "तुले माहीत होतं?"

"होतं."

"मंग लोंबकळू काहून देलं त्याले?"

"पाठ सरळ झाली त्याची," मैनाबाई म्हणाल्या.

*

किशोररावांनी घसा साफ केला. ही वेळ आहे हे त्यांना कळत होतं, फक्त कोणत्या शब्दात सुरुवात करावी ते कळत नव्हतं. पोरगा पुतण्या होता. लहानपणी खांद्यावर बसवून त्याला राजेश्वराच्या कावडयात्रेला नेला होता. पण नितेशही पोरगाच होता, आणि तो दुपारी बारापर्यंत झोपत होता.

"बाई, मी काही वाईट म्हनून बोलून नाही राह्यलो," ते म्हणाले. "पन ज्याले लाल-हिरवं समजत नाही त्यानं मॅचिंगचं दुकान टाकनं म्हंजे... माधवी असती तं गोष्ट वेगळी. थे तं धारणीले. इथं रोज कोन बसन? नितेशच्या धंद्यात रंगाचं असं काही नाही. मोबाइलच्या मापाचं कव्हर द्यायचं. माप तं कोनालेही समजते."

"बाबा, मले नाही बसायचं दुकानात," नितेश म्हणाला.

"तू गप्प बस."

दुर्गाबाई उत्तर देणार तेवढ्यात दारात एक बाई आली. स्कूटीची किल्ली हातात, पिशवीत साडी. गल्लीतल्याच शिवणकाम करणाऱ्या पौर्णिमाताई. "उघडलं काय दुकान? फॉल पायजे होता. घाई हाय."

सगळे दुर्गाबाईंकडे पाहू लागले. दुर्गाबाई म्हणाल्या, "दे ना तिले. गिऱ्हाईक हाय."

अश्विन उठला. साडी हातात घेतली. निळी दिसली, पण निळी असेलच असं नाही. त्याने एकदा फडताळाकडे पाहिलं आणि साडी काउंटरवर ठेवली.

"ताई, मले रंग समजत नाही," तो म्हणाला. "लाल-हिरवं तं बिलकुलच नाही. रंग तुमी निवडा. बाकीचं मी सांगतो."

पौर्णिमाताईंनी त्याच्याकडे, मग बाहेरच्या पाटीकडे पाहिलं. "मॅचिंगवालेच ना तुमी?"

"हो."

"चौकातला दुकानदार शपथा घेऊन देते," त्या म्हणाल्या. "एकदम मॅचिंग, ताई, एकदम मॅचिंग. उन्हात नेला का दुसराच निंघते. परत नेला तं म्हनते तुमची साडीच बदलली." त्या आत आल्या. "काढा तो गठ्ठा. नाही, बाजूचा. सगळाच काढा."

त्यांनी पाच गठ्ठे उपसले. दुकानदार मध्ये मध्ये करत नाही हे लक्षात आल्यावर आणखी तीन उपसले. शेवटी दोन फॉल बाजूला ठेवले. "हे दोन्ही सारखेच हायेत. कोनताही द्या."

"सारखे नाहीत," अश्विन म्हणाला. "हा डावा एक बोट गडद हाय."

"कुठी? दोन्ही जांभळे तं हायेत."

"जांभळे असतीन. पन डावा गडद हाय. उन्हात पाहा."

पौर्णिमाताई फुटपाथवर गेल्या. किशोरराव त्यांच्यामागे गेले, त्यांनाही राहवलं नाही. उन्हात डावा गडद होता. किशोररावांनी फॉल दोन्ही बाजूंनी पाहिला.

"हाय बुवा," ते म्हणाले.

"आन् उजवा घेतला तं आधी पाण्यातून काढजा," आतून अश्विन म्हणाला. "त्याचा धागा आटनारा हाय. हाताले समजते."

"पन ताई, हे दोन्ही नाही जात या साडीवर," किशोरराव म्हणाले. "हे जांभळं हाय, साडी वांगी हाय. तिकडं वरच्या कप्प्यात होतं पाहा एक. थांबा, मी काढतो." आणि ते चपला काढून स्टुलावर चढले. आपल्याला रंगांबद्दल एवढी मतं आहेत हे किशोररावांना बावन्नाव्या वर्षी कळलं.

पौर्णिमाताई वांगी फॉल घेऊन गेल्या. जाताना म्हणाल्या, "दुपारी दोघीतिघी पाठवतो. सगळं उपसू देता ना?"

"मंग काय, उपसा," अश्विन म्हणाला.

स्कूटी गेली. किशोरराव स्टुलावरच होते. आपण आता कोणत्या बाजूला आहोत हे आठवायला त्यांना थोडा वेळ लागला.

"उतर खाली, पडशीन," दुर्गाबाई म्हणाल्या. त्यांनी कमरेची चावी काढली, पण हातातच धरली. स्टोव्हची पिन बोटांनी फिरवत राहिल्या.

"यायनं दुकान टाकलं ना, तवा मीच बोहनी केली होती," त्या म्हणाल्या. "पयला स्टो मले देल्ला. गळका होता. परत कराची रीत नाही. अकरा वर्षं त्याच्यावर सैपाक केला म्या. दोन बार भुवया जळाल्या. एक बार त मांडवाले जायाचं होतं आन् भुवया नाहीत. काजळानं काढल्या."

"मंग तुमी बदलून नाही मागितला?" नितेशने विचारलं. तो पहिल्यांदाच पूर्ण जागा झाला होता.

"मागितला ना. माया सासूनं सांगितलं, बोहनीची खोट घरातच राह्यली पायजे. दुकानदारानं रोज पाहाले पायजे. थे रोज जेवाले बसत आन् माया कपाळाकडं पाहात. अठ्ठावीस वर्षांत या गाळ्यातून दुसरा गळका स्टो गेला नाही. पान्यात बुडवून बुडवून पाहे मानूस. लोकं हासत." त्यांनी हिरवा पीस उचलून साडीवर ठेवला आणि हाताने सरळ केला. "आता हा मी शिवतो. खुशीच्या लग्नात घालतो. लाल साडी, हिरवा ब्लाऊज. लोकं विचारतीन, बाई हे काय. मी म्हनीन, माया भाच्याच्या दुकानचं हाय."

"आत्या, नका ना," अश्विन म्हणाला.

"काहून? तुले तं सारखंच दिसते."

"बाकीच्याले दिसन ना."

"म्हनूनच." त्यांनी चावी काउंटरवर ठेवली, अश्विनच्या बाजूला. "फोटोत येईन मी. थो फोटो इथं लावजो, गल्ल्याच्या वर. कोनी शपथ घ्या म्हनलं का त्याच्याकडं पाहाजो."

अश्विनने चावी उचलली. पिन टोचली. तो नुसता वाकून पाया पडला, आणि दुर्गाबाईंना कळलं की हा मस्का नव्हता.

"डिक्कीतलं सामान उन्हात ठेवू नको, किशोर," त्या म्हणाल्या. "प्लास्टिक हाय. वाकडं होते."

*

माधवी अडीचला पोचली. जीप, दोन बस आणि एक रिक्षा. दारात तिने चप्पल काढली आणि तिथेच थांबली.

दुकानाच्या मध्यभागी चादर पसरलेली होती. चादरीवर सगळा माल होता. मालाभोवती चुलतसासरा, आत्याबाई, सासू आणि नितेश बसले होते, शिवाय तीन अनोळखी बायका होत्या. पिशवी सोडलेली होती आणि ते चिठ्ठ्या लावत होते.

"हा आमसुली नाही," किशोरराव एका अनोळखी बाईला सांगत होते. "आमसुली म्या पाह्यला हाय."

"आमच्या घरी आमसूलच असते, भाऊ."

"मंग तुमचं जुनं झालं असन."

माधवीने एक गठ्ठा उचलला. त्याच्यावर तीन चिठ्ठ्या होत्या. शेवाळी, मेंदी आणि तिच्या अक्षरात नसलेली एक, 'पालक (किशोर)'.

"हे काय हाय?" तिने अश्विनला विचारलं.

"मतदान झालं. ज्याले तीन नावं आली त्याले तिन्ही ठेवले. गिऱ्हाईक कोनतंही म्हनू शकते."

"आन् बोहनी?"

अश्विनने आत्याकडे बोट केलं. दुर्गाबाईंनी मांडीवरची साडी उचलून दाखवली, तिच्यावर हिरवा पीस. माधवीने डोळे मिटले, उघडले. नवऱ्याकडे पाहिलं. त्याने खिशातून चावी काढून तिच्या हातावर ठेवली.

"गवा कधी हटला?" त्याने विचारलं.

"आमी मांगं घेतली जीप. थो नाही हटला."

मैनाबाईंनी तिला पाणी दिलं. ती पाणी पीत उभी होती तेव्हा तिला दिसलं की वामनराव या मंडळात नाहीत, चिठ्ठ्यांची पिशवी त्यांनी दुसऱ्यांच्या हाती दिली आहे. ते बाहेर फुटपाथवर खुर्ची टाकून बसले होते. मांडीवर पुठ्ठा, हातात स्केचपेन. फळ्यावर लिहावं तसं ते रेघा आखून, एकेक अक्षर गिरवून लिहीत होते. कोणी जवळ आलं की हाताने झाकत.

लिहून झाल्यावर त्यांनी पुठ्ठा लांब धरून पाहिला, एक काना सरळ केला, आणि स्टूल मागवून घेतलं. अश्विन लावून देतो म्हणाला तर त्याला बाजूला केलं. पाटीच्या खाली, रस्त्याने जाणाऱ्या कोणालाही वाचता येईल अशा उंचीवर, त्यांनी स्वतःच्या हाताने चार खिळे ठोकले.

पुठ्ठ्यावर लिहिलं होतं:

ग्राहकांनी रंग स्वतः पाहून घ्यावा. दुकानदारास विचारू नये.
दुकानदाराची उंची पाच फूट दहा इंच आहे.